ताफ्यातली शेवटची गाडी

मी मोटरसायकल बोलतेय. एरवी माझ्या जातीला बोलायला सायलेन्सर पुरतो, आणि शेजाऱ्यांच्या मते तो जरा जास्तच पुरतो. पण गेले काही महिने मी इमारतीखालच्या पार्किंगमध्ये, पाण्याच्या पंपाशेजारी, खाकी कव्हर पांघरून उभी आहे. धावणं बंद झालं की गाडीला वाचा फुटते. निवृत्त माणसांचंही असंच होतं म्हणतात.

माझा जन्म कारखान्यातल्या सरकत्या पट्ट्यावर झाला. कुणी चाकं दिली, कुणी टाकी बसवली, आणि शेवटी जाड चष्म्याच्या एका बाईने माझ्या इंजिनाला कान लावून मला पास केलं. तिच्याइतकं मन लावून पुढे कुणी माझं ऐकलं नाही.

पहिला मालक तरुण होता. त्याला माझ्यावर बसून कुठे जायचं नव्हतं. कॉलेजच्या फाटकासमोरून जायचं होतं, तेही परत परत. फाटकातली मुलगी पावली, लग्न झालं, बाळ झालं, आणि त्या तिघांत माझी जागा उरली नाही. प्रेम जमवायला गाडी लागते आणि जमलं की गाडी विकावी लागते, हा धडा मी तिथे शिकले.

मग मला औषधांच्या एका गोदामातल्या हेडक्लार्कने घेतलं. वय पन्नाशीला टेकलेलं, पोट पुढे गेलेलं आणि केस मागे. त्याने मला आणून लावलं तेव्हा बायको गॅलरीतून बघत होती. मी म्हणजे उतारवयातलं खूळ आहे असं तिचं मत पडलं. लेक हसून म्हणाली, बाबांना कुणीतरी उतरायचं कसं तेही शिकवा. तो मात्र मला पुसत बसला. आयुष्यभर दुसऱ्यांची खोकी मोजलेल्या माणसाच्या हाती पहिल्यांदाच काहीतरी स्वतःचं लागलं होतं.

दर रविवारी सकाळी गावाबाहेर काही गाड्या जमत. त्यांचा म्होरक्या एक दंतवैद्य होता; सगळे त्याला कप्तान म्हणत. आठवडाभर तो दुसऱ्यांची तोंडं उघडी ठेवायचा आणि रविवारी स्वतःचं. हे लोक स्वतःला बायकर म्हणवत. गाडी चालवतो तो गाडीवाला आणि गाडी चालवण्याविषयी बोलतो तो बायकर, अशी माझी बरेच दिवस समजूत होती. भर उन्हात चामड्याची जाकिटं घालायची, आतून उकडून निघायचं आणि बाहेरून शूर दिसायचं. घरच्यापेक्षा वाईट चहा प्यायला दोन तास लांब जायचं आणि त्या चहाचं वर्णन आठवडाभर करायचं.

पण त्यांची एक रीत होती. ताफ्याच्या अगदी शेवटी एक गाडी ठेवायची. तिने कुणालाही ओलांडायचं नाही. कुणाची साखळी सुटली, कुणी झाडाआड गेला, कुणाला उगाच भरून आलं, तर तिने थांबायचं. तो माणूस पुन्हा रस्त्याला लागल्याशिवाय तिने हलायचं नाही. तिला शेपूट म्हणत. सगळ्यांची धूळ खायची ही जागा कुणालाच नको असे. आमच्या हेडक्लार्कने ती मागून घेतली.

नाव पडलं ते पडलंच. घरी तो 'अहो' होता, गोदामात 'साहेब', आणि इथे 'शेपूट'. तिन्हींपैकी या हाकेला तो सगळ्यात लवकर ओ द्यायचा. ताफ्यातला एक बेकरीवाला एकदा म्हणाला होता की शेपूट मागे असला की आरशात बघावंच लागत नाही. ते ऐकून याने घरी येईपर्यंत हँडल असं धरलं होतं, जणू त्यावर कुणीतरी हार घातलाय. एका कार्यक्रमात अनोळखी माणसाने विचारलं, आपण काय करता? तो म्हणाला, "बायकर आहे." मग जरा थांबून म्हणाला, "गोदामातही असतो."

थरथर पहिल्यांदा माझ्या लक्षात आली. डाव्या मुठीत, क्लचपाशी. मला वाटलं माझाच कुठलातरी बोल्ट ढिला झालाय. त्यालाही तसंच वाटलं. तो मला गॅरेजमध्ये घेऊन गेला. गॅरेजवाल्याने सगळं आवळलं, रबरं बदलली. थरथर राहिलीच. पुन्हा नेलं, पुन्हा आवळलं. शेवटी गॅरेजवाला म्हणाला की काका, हिला काही झालेलं नाही. काका भडकले आणि त्यांनी गॅरेज बदललं. नव्या गॅरेजात माझं अख्खं हँडल नवं झालं. अंगात दुखणं याच्या, आणि उपचार चालले होते माझ्यावर. बायकरशिवाय ही चूक दुसरं कोण करणार? साध्या माणसाने आधी स्वतःच्या हाताकडे बघितलं असतं.

पुढे गोदामातल्या पावत्यांवरची त्याची सही बारीक होत मुंगीएवढी झाली, तेव्हा तो डॉक्टरकडे गेला. डॉक्टरांनी कंपवात सांगितला आणि गाडी बंद करायला सांगितली. घरी त्याने मानेतली नस दबल्याचं सांगितलं. बायको त्याचा चहाचा कप अर्धाच भरायला लागली, एवढंच.

त्याने गाडी बंद केली नाही. इंजिन चालू असलं की सगळंच थरथरतं, त्यात एका हाताची थरथर कोण बघतो! आणि शेपटाच्या मागे बघायला असतंच कोण!

पण कप्तानने घात केला, तोही प्रेमाने. इतकी वर्षं सगळ्यांची धूळ खाल्ली, आज शेपूट पुढे चालणार, असं त्याने जाहीर केलं. टाळ्या वाजल्या. नाही म्हणायची ती वेळ होती. पण आयुष्यात पहिल्यांदा कुणी 'पुढे हो' म्हटलं की माणसाला नाही म्हणता येत नाही.

हेल्मेट आणि आवाज यांत बोलणं ऐकू येत नाही, म्हणून ताफा हाताने बोलतो. पुढच्याने डावा हात खाली सोडून तळवा वरखाली हलवला की, हळू व्हा. मागचा तेच करतो, त्याच्या मागचा तेच. आम्ही घाट उतरत होतो. रस्ता मोकळा होता. क्लच धरून हात भरून आला म्हणून त्याने तो क्षणभर खाली सोडला. हात आपला आपण हलायला लागला.

बेकरीवाल्याने बघितलं आणि वेग कमी केला. त्याच्या मागच्यानेही केला. अगदी मागे एक नर्स होती, ताफ्यात नवी. तिने वळणावरच्या खडीत ब्रेक दाबला आणि गाडी तिच्या पायावर आली.

आम्हाला काही कळलं नाही. मागे बघायची त्याला सवयच नव्हती. त्याच्या मागे कधी कुणी नसायचं. आम्ही चहाच्या टपरीवर पोचलो. त्याने हेल्मेट काढलं आणि हसत मागे वळला. रस्ता रिकामा होता. ज्याने कधी कुणाला मागे ठेवलं नाही, तो सगळ्यांना टाकून आला होता.

आम्ही परत गेलो तेव्हा नर्स रस्त्याकडेला बसून, मोडलेला पाय कसा बांधायचा ते बाकीच्यांना दरडावून शिकवत होती. तिने सरळ विचारलं, "शेपूटकाका, इशारा कशाला दिलात? पुढे तर काहीच नव्हतं."

"कुत्रं आडवं आलं," तो म्हणाला.

कप्तान याच्या डाव्या हाताकडे बघत होता. संध्याकाळी तो घरी आला, हवापाण्याच्या गप्पा मारल्या, आणि खाली माझ्यापाशी निरोप घेताना म्हणाला, "जाकीट तुझ्याकडेच असू दे."

इतक्या मऊ आवाजात कुणाला ताफ्यातून काढलेलं मी ऐकलं नव्हतं.

मग लेक आली. तिने डॉक्टरांना गाठून सगळं काढून घेतलं, किल्ली ताब्यात घेतली, माझे फोटो काढून जाहिरात टाकली. त्याने अडवलं नाही. लोकांना वाटलं, समजूतदार आहे. दुसरी किल्ली त्याच्या जाकिटाच्या अस्तरात होती.

आज दुपारी तो एकटाच खाली आला. अंगात जाकीट, हेल्मेट नाही. माझं कव्हर काढलं. किल्ली भोकात जाईना. आजूबाजूचा रंग खरवडत राहिली. मग त्याने एका हाताने दुसरा हात धरला. "त्या वळणापर्यंत," तो मला म्हणाला. "पुढे कुणी नको, मागे कुणी नको." परत यायचं काही बोलला नाही.

प्रत्येक गाडी आयुष्यभर एकच मागणं मागते, पहिल्या फटक्यात सुरू होऊ दे. आज मी उलटं मागत होते. पण खोड जात नाही. मी सुरू झाले. स्वतःचा इतका राग मला कधी आला नव्हता.

तेवढ्यात जिन्यावर चपला वाजल्या. त्याची बायको, ओल्या हातांनी. ती ओरडली नाही. माझ्या मागच्या सीटवर चढून बसली, साडी गुडघ्याशी आवरून.

"चला," ती म्हणाली. "काढा गाडी."

"उतर."

"का म्हणून?"

"अगं, पडशील. तू मागे असताना नाही जमणार मला."

"आणि एकट्याने जमणार होतं?"

तो पंपाकडे बघत म्हणाला, "ही गेली की मी कोण गं?"

"ते नंतर बघू. आधी बंद करा, धूर नाकात जातोय."

त्याने किल्ली फिरवली. माझी थरथर थांबली. त्याची थांबली नाही. तिने मागून त्याचं जाकीट मुठीत धरलं, आणि दोघं तशीच बसून राहिली.

तर मंडळी, जाहिरात वाचून मला बघायला येणार असाल तर जरूर या. इंजिन उत्तम आहे, हँडल नवं आहे, माझ्यात काही दोष नाही, गॅरेजवालाही सांगेल. मला न्या, लांब न्या, याला दिसणार नाही इतकी लांब न्या. फक्त आज येऊ नका. आज गाडीवर माणसं बसली आहेत.