दुखायची थांबलेली दाढ

मित्रांनो, तलवाड्याच्या कडूबाईच्या खालच्या जबड्यात डावीकडे बसलेली जुनी दाढ ती मीच. मी हिरडीतून वर आले तेव्हा कडूबाई तुमच्याहूनही लहान होती. मी कुणा दुधाच्या दाढेला ढकलून आले नाही, मागच्या मोकळ्या जागेत गुपचूप उगवले. म्हणून घरात कुणाला माझा पत्ताही लागला नाही.

बाहेरून मी पांढरी आणि टणक. ते माझं एनॅमलचं कवच. त्याला काही जाणवत नाही, आणि एकदा गेलं की ते परत येत नाही. त्याच्या आत पिवळसर दंतिन. माझं बहुतेक अंग दंतिनचंच. त्यात केसाहून बारीक अगणित नळ्या, सगळ्या मधल्या पोकळीकडे जाणाऱ्या. त्या पोकळीत माझा जीव राहत होता, मऊ लालसर गाभा. डॉक्टर त्याला दंतमज्जा म्हणतात. मुळांच्या टोकांतून रक्तवाहिन्या आणि नसा तिथे येत. गाभ्याच्या काठावरच्या पेशी आतून सावकाश नवं दंतिन चढवत राहत. आणि काही बिनसलं की नस कळ मारून कडूबाईला सावध करी.

लग्नानंतर कडूबाई नवऱ्यामागे मेंढ्या घेऊन रानोरान फिरली. भाकरी, हरभरे, वाळलेला हुरडा, मी सगळं भरडलं. तिचा नवरा म्हाळू म्हणायचा, "हिच्या तोंडात जातंच हाय." तेव्हा मला फार बरं वाटे.

पण रानात चूळ भरायला कुणाला सवड होती? दिवसभर गोड चहा, त्यात बुडवलेली बिस्किटं. माझ्या खाचेत ते साचून राही. जंतूंनी त्याचं आम्ल केलं आणि कवचाला भोक पडलं. दंतिन उघडं झालं. थंड पाण्याचा घोट आला की त्या नळ्यांतून कळ थेट गाभ्यात शिरे. मी घाबरले. माझ्या पेशींनी घाईघाईने आतून दंतिनचा जाड थर उभा केला, पण कीड त्यांच्याहून चपळ निघाली.

कळप अंबाजोगाईकडच्या रानात बसलेला असताना कीड गाभ्यापर्यंत पोचली. गाभा सुजला. पाय मुरगळला तर त्याला फुगायला जागा असते. माझ्या गाभ्याला चहूकडून दंतिनची भिंत. आतल्या आत नसा चेंगरल्या. कडूबाई जबडा धरून बांधावर बसली.

"दवाखान्यात चल," म्हाळू म्हणाला.

"न्हाई. तिथं दाढ काढतेत. दाढ काढली की डोळे जातेत. सुंदरबाई मावशीचे गेलते."

"कावून भेतीस एवढी?"

"मेंढरं कशानं बघू मग?"

तिने लवंग धरली आणि गेली नाही. खरं सांगते, मलाही हायसं वाटलं. चिमट्याचं भय मलाही होतंच.

मग काही दिवसांनी कळ थांबली. एकदम. कडूबाई खुशीत भाकरी थापायला बसली. "बरी झाली बगा," ती म्हणाली. मी मात्र आतून गार पडले होते. गाभा मेला होता. नसाच मेल्या, तर निरोप कोण देणार? रिकाम्या पोकळीतून जंतू मुळांच्या टोकांशी उतरत होते, तिथून हाडात, आणि तिला काहीच कळत नव्हतं.

एका सकाळी तिच्या जबड्याखाली कडक गाठ आली. दुपारपर्यंत गळा सुजला. तोंड उघडेना, लाळ गिळवेना, श्वास घरघरू लागला. म्हाळूने मेंढरं भावावर, भागवतवर, टाकली आणि तिला टेम्पोत घालून अंबाजोगाईला नेलं. वाटेत तो एकसारखा विचारत होता, "दम येतोय नव्हं?" ती नुसता त्याचा हात दाबी.

डॉक्टर मंजुषा यांनी तिला तपासलं आणि म्हाळूकडे वळल्या. "श्वास कोंडला असता. थोडक्यात वाचल्या."

जबड्याखाली चीर देऊन पू काढला, सलाइन लावलं. श्वास मोकळा झाल्यावर डॉक्टर म्हणाल्या, "आता दाढ काढावी लागेल."

"डोळे जातेल का? सुंदरबाई मावशीचे गेलते," कडूबाईने विचारलं.

"नाही. या दाढेची नस जबड्यातून जाते, डोळ्यातून नाही. मावशींना डोळ्याचंच वेगळं दुखणं असेल."

कडूबाईने एकदा म्हाळूकडे पाहिलं. मग ती म्हणाली, "काढा."

चिमटा माझ्याभोवती आवळला. हाड कुरकुरलं, आणि मी ट्रेमध्ये पडले. तिने डोळे गच्च मिटले होते, उघडायला तयार नव्हती.

"दिसतंय का?" म्हाळूने हळूच विचारलं.

तिने एक डोळा उघडला, मग दुसरा. तोंडातल्या कापसाआडून ती बोबडं बोलली, "दिसतंय. लई वाळलात तुमी."

तिला तिचे डोळे राहिले, श्वास राहिला. मी मात्र संपले. माझ्या शेजारच्या दाढा अजून जिवंत आहेत, एवढंच समाधान.

मित्रांनो, तुमच्या तोंडातली एखादी दाढ आज ठणकत असेल, तर तिच्यावर रागावू नका. तिच्या आत अजून कुणीतरी जिवंत आहे आणि हाक मारतं आहे. तेव्हाच दवाखान्यात जा. ती औषधपाण्यावाचून अचानक गप्प झाली, तर मात्र खरंच घाबरा.