जावयाच्या दुधातली अंडी

खासबागेतल्या भरमाआप्पांना दोन गोष्टींचा अभिमान होता: आपल्या कोंबड्या आणि आपला जावई. दोन्ही वजनदार. जावई कृष्णात निपाणीच्या तालमीतला पैलवान. तो सासुरवाडीला आला, की आप्पा खुराड्यातली ताजी अंडी कच्चीच दुधात फोडत आणि पेला संपेपर्यंत समोर उभे राहत. पैलवान घाबरायचा तो फक्त त्या पेल्याला.

कोंबड्यांचे लाडही तसेच. एका पोल्ट्रीवाल्यानं सांगितल्यापासून आप्पा त्यांच्या पाण्यात रोज टेट्रासायक्लिनची पिवळी पावडर मिसळत. आजारपणात द्यायचं औषध आधीच दिलं, तर आजार येईलच कशाला, असा त्यांचा विचार.

त्र्याऐंशी सालच्या जत्रेआधी कृष्णात आला, पेला प्याला आणि दुसऱ्या दिवशी तापानं फणफणला. जुलाब थांबेनात. कॅम्पातल्या डॉक्टरांनी सलाईन लावलं, कॅप्सूल सुरू केल्या. ताप हलेना. एवढा गडी, पण गादीत शोधावा लागत होता. लेक मालू उशाशी बसलेली. ती रडत नव्हती, बोलतही नव्हती. आप्पांना त्याचीच जास्त भीती वाटली.

ते घरी गेले आणि पावडरीचा डबा घेऊन आले.

"डॉक्टर, तुमचं औषध मिळमिळीत दिसतंय. ह्यातलं द्या. माझ्या कोंबड्या ह्याच्यावर कशा ठणठणीत हायत!"

डॉक्टरांनी डब्यावरचं नाव वाचलं. मग कॅप्सूलच्या पाकिटावरचं. दोन्ही एकच.

"रोज देता?"

"व्हय. एक दिवस चुकवला न्हाय."

"आप्पा, कोंबड्यांच्या पोटातले जंतू हे रोज पिऊन निर्ढावले. तेच अंड्यातून जावयाच्या पोटात गेले. आता हे औषध म्हणजे त्यांना सकाळचा चहा."

आप्पांनी डब्याचं झाकण घट्ट लावलं. "म्हंजे मी जंतूंची तालीम चालवली म्हणा की!"

"खुराकासकट," डॉक्टर म्हणाले आणि औषध बदललं.

ताप उतरला. शुद्धीवर येताच कृष्णातनं दबक्या आवाजात विचारलं, "मामा, पेला आणलाय काय?" तेव्हा कुठं मालू रडली.

मग आप्पा खासबागेपासून कॅम्पापर्यंत अंडी घेणाऱ्या एकेका गिऱ्हाइकाच्या दारात जाऊन सांगत सुटले, "अंडी उकडून खावा. माझी तर जरा जास्तच उकडा." निम्मी गिऱ्हाइकं तुटली.

"आपल्याच मालाची बदनामी करत हिंडत्यात!" आप्पांची बायको कोंडाबाई करवादल्या आणि नवऱ्याच्या पिशवीत भाकरी बांधून दिली.

कृष्णात पुढच्या खेपेला आला, तेव्हा कोंडाबाईंनी त्याच्यापुढं दगडासारखी उकडलेली अंडी ठेवली. आप्पा समोर उभेच.

"मामा, गिळवंना हो."

"चावा, पावणं. घाई न्हाय."

आतून मालूनं विचारलं, "आप्पा, आज कोंबड्या काय प्याल्या?"

"पाणी," आप्पा म्हणाले. "दोघी-तिघी शिंकत हुत्या. शिंकू देत."