तांबड्या बुचाची वस्ती

पुलावर शीतपेयाच्या चंदेरी कॅनची प्रचंड जाहिरात उभी होती. तिचं तोंड नदीपलीकडे, बागा आणि गच्च्या असलेल्या घरांकडे. अलीकडे, आमच्या खालच्या वस्तीकडे, तिची पाठ असे : गंजलेले लोखंडी खांब आणि त्यांत घरटी करून राहिलेली पाखरं. पलीकडची माणसं कॅन पीत. आम्ही आल्याचा सोडा. जाड काचेची बाटली, तिला तांबडं बूच. "एक तांबडं दे," एवढंच म्हटलं की दुकानदार समजून जाई.

पुढे मी त्या कॅनच्याच कंपनीत, बाजारपेठ विभागात नोकरीला लागलो. कंपनीने तांबड्याचा लहानसा कारखाना विकत घेतला, आणि तो चालवायचा की बंद करायचा हे वस्तीतल्या पाहणीवर ठरणार होतं. आमच्या विभागप्रमुख मॅडमच्या बैठकीत मी सहसा बोलत नाही. माझा आवाज माझ्यापर्यंतच पोचून थांबतो. त्या दिवशी मात्र बोललो : "मॅडम, लोकांना सभागृहात बोलवायला नको. घरी जाऊन विचारू. आपल्या घरात माणूस मोकळा बोलतो."

मॅडमना ते पटलं. तांबडं वाचलं, असं मी मनाशी धरून चाललो.

सुट्टीच्या सकाळी आम्ही दारोदार फिरलो. टेबलावर एक कॅन, एक बाटली. दोन्ही चाखायचं आणि जास्त आवडतं ते सांगायचं. पण दार उघडणारा प्रत्येक माणूस ठेवणीतल्या कपड्यांत होता. शिंपीकाकांनी कॅनचा घोट घेऊन डोळे मिटले. "वा! हलकं आहे. आम्ही आता हेच घेतो." त्यांच्या शिवणयंत्रामागे रिकाम्या बाटल्यांची टोपली होती, तिच्यावर घाईघाईने चादर टाकलेली.

"आणि तांबडं?" मी विचारलं.

"ते होय? ते गाडीवर माल चढवणाऱ्यांचं," काकू म्हणाल्या. त्यांचा थोरला मुलगा गाडीवर मालच चढवतो.

घरामागून घर असंच गेलं. मॅडम लिहीत होत्या, आणि मी टेबलांच्या कडा न्याहाळत होतो.

शेवटचं घर मामांचं. आईबाप गेल्यावर मी तिथेच वाढलो. निवृत्त होईपर्यंत मामांनी तांबड्याचाच ट्रक चालवला. मॅडमना हे ठाऊक होतं, म्हणाल्या, "तुमचे मामा तरी आडपडदा ठेवणार नाहीत."

मामांनी गळ्यापर्यंत गुंड्या लावल्या होत्या. "या साहेब, बसा," ते मला म्हणाले. आधी वाटलं, थट्टा करताहेत. त्यांच्या चेहऱ्यावर थट्टा नव्हती.

त्यांनी तांबड्याचा घोट घेतला. क्षणभर गाल आत ओढले गेले, आल्याचा झणका बसल्यावर नेहमी जात तसे. मग पेला दूर सारून म्हणाले, "कॅन उत्तम."

"मामा, तुम्ही तर रोज संध्याकाळी..."

"मॅडम, ह्याला लहानपणापासून गोष्टी रचायची खोड," मामा मोठ्याने हसले. "शाळेतून यायचा तो एकेक थाप घेऊनच!"

"अहो, आल्याने ह्यांना जळजळतं," मामीने दुजोरा दिला.

मॅडमही हसल्या. उंबऱ्याशी थांबून मला म्हणाल्या, "घरी यायचं तुम्ही बरं सुचवलंत. बंद करू आता. तुम्ही थांबा हवं तर." त्यांची मोटार पुलाकडे वळली.

आत आलो तेव्हा मामांनी गळ्याची गुंडी सोडली होती आणि मामी मोरीतल्या गार पाण्याच्या बादलीतून तांबड्याची बाटली काढत होती.

"मामा, बंद होणार आता हे."

"पाहणी कशासाठी आहे ते माहीत होतं सगळ्यांना."

"मग खरं का नाही सांगितलंत?"

"तुझ्या वरिष्ठ बाईंसमोर तुझं नाक कापू? ह्याचा मामा अजून गाडीवानाचंच पितो, असं?" बूच उडालं, फेस त्यांच्या बोटांवरून ओघळला. "आणि मी एकट्याने कॅन म्हटलं म्हणून काय बुडालं? बाकीचे म्हणतीलच की तांबडं."

"कुणीच म्हटलं नाही."

"शिंप्यानेही?"

"नाही."

मामांनी बाटली खाली ठेवली. "कमाल आहे त्या शिंप्याची," एवढंच ते हळू म्हणाले.

मामीने दोन पेल्यांत तांबडं ओतलं. माझ्यापुढे तिने पाहुण्यांचा नक्षीचा ग्लास ठेवला आणि उरलेला कॅन त्यात रिकामा करू लागली.

"मलाही तांबडंच दे ना, मामी."

"राहू दे रे," मामा म्हणाले. "आमचं मन राखायला नको पिऊस. तुला आता ह्याची सवय."

"मला खरंच तांबडं आवडतं, मामा."

ते माझ्याकडे पाहून हसले. ते हसू मला ओळखीचं नव्हतं. दारात आलेल्या परक्या माणसासाठी माणूस हसतो तसं होतं. त्यांचा विश्वास बसला नव्हता. खाली गल्लीत कुणीतरी खळखळत क्रेट ओढत नेत होतं. मी ग्लास उचलला.

"आवडलं ना?" मामीने विचारलं.

मी हो म्हणालो.