मुंग्यांनी न कोरलेली माळ

जुनिपरच्या झाडाखाली आर्डिथ पालथी पडून मुंग्यांच्या वारुळाभोवतीची माती बोटांनी चाळत होती. सकाळपासून तिला अकरा बिया मिळाल्या होत्या. माळेला साठ तरी लागतात, आणि लोरिंडाला न्यायला गाडी दुपारी यायची होती.

झाडाची निळसर फळं खाली पडतात, मुंग्या त्यांचा गर खातात आणि बीचं एक टोक कुरतडतात. माणसानं फक्त दुसरं टोक टोचायचं. झाड, मुंगी आणि माणूस असे तिघं एका दोऱ्यात आले, की माळ घालणाऱ्याला वाईट स्वप्नं शिवत नाहीत. झाडावरून ओरबाडलेल्या बियांची माळ म्हणजे नुसता दागिना, असं आर्डिथची आई म्हणायची.

लोरिंडा आर्डिथच्या बहिणीची मुलगी, वणवे विझवणाऱ्या तुकडीतली. गेल्या उन्हाळ्यात चिलगोज्याचं अख्खं रान पेटलं आणि तिचा एक सोबती त्यातून बाहेर आला नाही. त्यांच्या दिने जमातीतली माणसं गेलेल्याचं नाव घेत नाहीत, म्हणून कोणी घेतलं नाही. पण पोरीची झोप उडाली ती उडालीच. ती मावशीकडे राहायला आली. माय मरो नि मावशी उरो म्हणतात, आणि इथं तर माय खरंच उरली नव्हती.

उरलेल्या मावशीनं काय केलं? एकतीस वर्षं शाळेची बस चालवून तिचे गुडघे कामातून गेले होते. थंडीत मातीत लोळायचा तिनं कंटाळा केला. उभ्या उभ्या फांदीवरची फळं तोडली, उकळली आणि दोन्ही टोकांना आपणच भोकं पाडली आणि माळ ओवून पोरीच्या गळ्यात घातली. वर, यंदा मुंग्यांनी फार काम केलं हो, असंही सांगितलं.

लोरिंडाला त्या रात्रीपासून झोप लागायला लागली. तेव्हापासून मावशीची मात्र गत चोराच्या मनात चांदणं अशी झाली. पोरीचा हात गळ्याकडे गेला की हिची नजर खाली. काल लोरिंडानं जाड बूट बाहेर काढून पुसले आणि उद्या तुकडीत परत जाते म्हणाली. आता भीती वाटत नाही, असंही म्हणाली. म्हणून आज आर्डिथ मातीत उतरली होती.

"मावशी, मुंग्यांकडे राहायला चाललीस का काय?" लोरिंडा पिशवी घेऊन मागे उभी होती.

आर्डिथनं मान वर केली नाही. "ती माळ काढ. खोटी आहे. मुंग्यांनी नाही, मीच भोकं पाडलीत. आळस केला मी."

लोरिंडाचा हात गळ्याकडे गेला.

"मग मला झोप कशानं लागत होती?"

आर्डिथनं आता मान वर केली. पोरीनं माळ मुठीत घट्ट धरली होती. आपण आपल्या मनावरचं ओझं उतरवलं आणि तिच्या डोक्यावर दिलं, हे आर्डिथला कळलं, आणि तिला स्वतःची आणखीच लाज वाटली.

"आज सांगायलाच हवं होतं?"

"आगीत तू त्या माळेच्या भरवशावर उभी राहिली असतीस, बाई. ते मला सोसलं नसतं."

लोरिंडानं माळ काढून मावशीच्या हातावर ठेवली. मग पिशवी खाली टाकली आणि धुतलेल्या कपड्यांनिशी ती तिच्या शेजारी पालथी पडली. दोघी माती चाळत राहिल्या.

गाडीचा हॉर्न वाजला तेव्हा सतरा बिया झाल्या होत्या. ओवायला वेळ नव्हता. लोरिंडानं त्या रुमालात बांधून शर्टाच्या खिशात ठेवल्या. आर्डिथनं बियांच्या बदल्यात मुंग्यांसाठी वारुळापाशी चिमूटभर मक्याचं पीठ ठेवलं. थंडीत तिनं तेही टाळलं होतं.

"उठवू का तुला?"

"नको. परत आलीस की उठव."

गाडीचा आवाज टेकडीपलीकडे जाईपर्यंत आर्डिथ कान देऊन होती. मग कोपरांवर सरपटत ती पुढच्या झाडाखाली गेली.