एकतिसावा वाडगा

माझा वाडगा डुगडुगत नाही. टेबलावर ठेवा, फरशीवर ठेवा, उंबऱ्यावर ठेवा, बूड टेकलं की टेकलं. यात फुशारकी काही नाही. तीस वर्षं एकच काम केलं तर गाढवालाही जमेल. माझ्या दिरांना मात्र जमलं नाही. सासऱ्यांनी आम्हा दोघांना एकाच महिन्यात चाकावर बसवलं, माझा हात बसला आणि त्यांचा बसलाच नाही. त्यांचा वाडगा खाली ठेवला की आधी इकडे कलतो, मग तिकडे, मग थोडा विचार करून थांबतो. त्यांना ‘डुगडुग’ हे नाव मीच ठेवलं. आता अख्खी शेड त्यांना तसंच हाक मारते आणि ते हसून ओ देतात.

शेडमध्ये आम्ही सहा कुंभार, भट्टी एकच. गेल्या महिन्यात जेवणघराच्या बाई आमच्याकडे आल्या. ज्याच्या घरी चूल पेटत नाही त्याला त्यांच्याकडे दोन वेळा फुकट जेवायला मिळतं. बाई म्हणाल्या, देणग्या आटल्यात, आता संध्याकाळचं जेवण बंद करावं लागेल. तुम्ही प्रत्येकी तीस वाडगे द्या, मी रविवारच्या बाजारात देणगीच्या भावानं मांडते. एक वाडगा विकला गेला की एक माणूस महिनाभर संध्याकाळी जेवेल. सगळे लगेच हो म्हणाले. मीही म्हणाले, पण माझं कारण कोणाला कळायला नको होतं.

माझा नवरा गेला त्या वर्षी भट्टीही खचली आणि शेड चार महिने बंद पडली. दीर विटांच्या कामावर गेले, त्यांचंच भागत नव्हतं. मी त्यांना सांगितलं की मला शिवणकाम मिळालंय, जेवणही तिथेच मिळतं. खरं म्हणजे ते चार महिने मी आणि माझी लेक याच जेवणघरात जेवलो. तिथल्या पत्र्याच्या ताटल्यांना पोचे आलेले. कालवण सगळं एका बाजूला वाहायचं आणि माझी पाच वर्षांची पोर काठाखाली बोट लावून ताटली सपाट धरायची. पोटभर जेवण मिळायचं, कोणी कधी टाकून बोललं नाही. पण ते बोट बघून मला जो राग यायचा तो अजून गेलेला नाही.

म्हणून मी जीव ओतून तीस वाडगे केले. सगळे एका मापाचे, एका जाडीचे. एकात एक घातले तर हलत नसत.

रविवारी दिरांचे तीस तासाभरात संपले. लोक ते वाडगे फिरवून फिरवून बघत, बोटांच्या खुणा चाचपत आणि म्हणत, बघा, हातानं केलेला कसा लगेच कळतो. माझ्या वाडग्यांपाशी एक चष्मेवाली थांबली. तिनं एक उचलला, उलटा केला आणि बुडाखाली कारखान्याचा शिक्का शोधला.

“हे नको,” ती मैत्रिणीला म्हणाली. “हे मशीनचे आहेत.”

माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. मी तिला माझे हात दाखवले, नखांतली माती दाखवली. ती म्हणाली, असेल हो, पण तसं दिसत नाही ना. दिवसभर हेच. पिकतं तिथे विकत नाही हे मला ठाऊक होतं. चांगलं पिकलं म्हणून विकत नाही, हे नवीन होतं.

संध्याकाळी माझे एकोणतीस उरले. एक गेला होता, मी चहा आणायला गेले तेव्हा. कोणी घेतला म्हणून विचारलं तर बाई म्हणाल्या, गर्दीत लक्षात नाही. मी लेकीला ऐकवलं, गावात एका तरी माणसाला डोळे आहेत म्हणायचे. लेक आता मोठी झाली आहे, ती ऐकून घेत नाही. ती म्हणाली, एकाच्या जेवणाची सोय झाली, पण एकोणतीस जणांचं काय? पंधरा दिवसांनी परत बाजार आहे, तर लोकांना हवे तसे कर ना थोडे वाकडे. तिचं बरोबर होतं, म्हणून मला जास्तच राग आला.

दुसऱ्या दिवशी चाकावर बसले. गोळा टाकला, तो हातांनी आपोआप मध्यावर आणला. काठ एका बाजूनं दाबला, तर तो दाबल्यासारखा दिसला. दुसऱ्याला अंगठ्यानं खळगा पाडला, तर कोणाचा तरी धक्का लागल्यासारखा दिसला. तिसरा डोळे मिटून केला आणि तो इतका सरळ निघाला की मी कपाळाला हात लावला. चार दिवसांत बावीस वाडगे मोडून परत मातीत टाकले. वाळायला आठवडा लागतो, त्यावर भट्टीचे दोन दिवस. वेळ उरला नव्हता. शेवटी नाक मुठीत धरून दिरांकडे गेले.

त्यांचं चाक शेडच्या मागच्या खोलीत आहे. आठ वर्षांपूर्वी ते तिकडे गेले, तिकडे शांत असतं म्हणाले होते. मी तिथे कधी पाऊल टाकलं नव्हतं. खोलीला खिडकी नव्हती. एक पिवळा बल्ब होता आणि त्याखाली ते वाकून बसले होते.

मी दारातूनच सगळं सांगितलं. भावजी, तुमचे हातोहात जातात आणि माझ्या वाडग्यांना कुत्रं विचारत नाही. असंच चाललं तर जेवणघर एक वेळचं होईल. ते मुद्दाम वाकडं कसं करायचं तेवढं मला शिकवा. सांगता सांगता मला हसू आलं. ते हसले नाहीत. त्यांनी चाक पूर्ण थांबू दिलं.

“वहिनी, मी मुद्दाम नाही करत,” ते म्हणाले. “मी सरळच करायला बघतो. पहिल्या दिवसापासून.”

मी तिथल्या मातीच्या पोत्यावर बसले. तेव्हा मला त्यांच्या चाकाशेजारची फळी दिसली. फळीवर माझा वाडगा होता, त्या तिसांतून गेलेला एक. त्याच्या काठावर ओल्या बोटांचे ठसे होते. बाजूला एक काडी पडली होती, तिच्यावर माझ्या वाडग्याची उंची आणि तोंडाची रुंदी खुणा करून घेतलेली.

मला शरम वाटली. दुसरा शब्द नाही. ज्या गोष्टीवरून मी शेडला हसवत आले, ती दुरुस्त करायला हा माणूस रोज सकाळी नव्यानं बसत होता.

एक करून दाखवा, मी म्हटलं. त्यांनी गोळा टाकला, हात ओले केले आणि मला लगेच दिसलं. डावं कोपर हवेत होतं. कोपर मांडीला टेकवलं नाही तर हात कापतो, आणि माती हाताचंच ऐकते. सासऱ्यांनी मला पहिल्या दिवशी कोपरावर चापट मारून हे शिकवलं होतं. दिरांना का सांगितलं नाही, देव जाणे. पण त्यांच्यासमोर बसून बघावं, असं तीस वर्षांत मलाही वाटलं नव्हतं. हसायला लांबूनही चालत होतं.

कोपर टेकवा. दोन शब्द, जिभेवर आलेले. आणि तिथेच मी अडले. यांनी कोपर टेकवलं की यांचे वाडगे सरळ होणार, आणि मग तेही मशीनचे दिसणार. मला त्या चष्मेवालीची चीड आली, सासऱ्यांची आली, आणि सगळ्यांत जास्त माझी स्वतःची आली.

“काय चुकतंय?” दिरांनी विचारलं. “तुम्हाला दिसलं ना, वहिनी?”

“दिसलं,” मी म्हटलं. “पण आत्ता सांगणार नाही. आधी बाजारासाठी असेच तीस करा. लोकांना असेच हवेत. माझे राहिलेले मी जेवणघरात देते, तिथल्या पोरांना जेवताना धरून बसावं लागणार नाही. एकतिसाव्याला मी इथे शेजारी बसेन आणि सगळं सांगेन.”

ते माझ्याकडे बघत राहिले. मला वाटलं, आता हा माणूस आयुष्यात पहिल्यांदा माझ्यावर ओरडणार, आणि ओरडला तर त्याचं चुकणार नाही. त्यांनी फक्त मान खाली घालून हात पुसले.

“तीस वर्षं थांबलो,” ते म्हणाले, “तीस वाडगे काय.”

मग त्यांनी पुढचा गोळा चाकावर आपटला आणि हात ओले केले. कोपर हवेतच. माती एका बाजूला ओढायला लागली. मी दोन्ही हात मांडीखाली दाबून बसून राहिले.