खिडकीच्या फटीतला कमरपट्टा

मी एक जुना लोकरी कमरपट्टा आहे. सर्बियाच्या डोंगरात देसांका म्हातारीने मला विणले. आमच्याकडे कंबर दुखली की दोष वाऱ्याच्या झोताचा. समोरासमोरच्या खिडक्या उघड्या राहिल्या, झोत मूत्रपिंडाला लागला, झाले! त्यावर औषध म्हणजे मी. गावभर माझी वाहवा झाली. मित्रांनो, त्या कौतुकाची मला आज चीड येते.

देसांकाचा नवरा रादोयको दिवसभर सिगारेटी ओढायचा. त्याची पाठ दुखू लागली तेव्हा तिने मला त्याच्या पोटाभोवती आवळले. बेंबीच्या वर काहीतरी धडधडत होते, माझी वीण उचलत होते. पण मला तोंड कुठे होते सांगायला? एका सकाळी मेंढ्यांना चारा टाकताना तो कोसळला, तो उठलाच नाही. पोटातली मुख्य रक्तवाहिनी फुगून फुटली, असे डॉक्टरांनी सांगितले. हे घराण्यात असू शकते, मुलालाही तपासून घ्या, असेही बजावले. देसांकाने ते कानाआड केले. तिच्या लेखी गुन्हेगार होती सून गोर्दाना, कारण त्या दिवशी खिडकी तिने उघडली होती. तेव्हापासून दोघींमध्ये विस्तव जात नव्हता.

पुढे मुलाची, ल्युबिशाची पाठ दुखू लागली. सिगारेटींत तोही बापाच्या वरताण. देसांकाने मला पेटीतून काढून त्याला बांधले.

"सासरा गिळलास, आता नवऱ्यावर डोळा का गं? लाव ती खिडकी."

गोर्दानाने माझ्याखाली हात सरकवला. तिथे तीच धडधड होती. सासऱ्याच्या वेळी डॉक्टरांनी बजावलेले तिला आठवले. मेंढ्या कातरायची कात्री आणून तिने मला मधोमध कापले.

"नवरा माझा आहे, आई. शिव्या द्यायच्या तर गाडीत बसून द्या."

शहरात सोनोग्राफीत फुगवटा दिसला. आता थांबण्यात अर्थ नाही, असे डॉक्टर म्हणाले. शस्त्रक्रिया करून त्यांनी तिथे कृत्रिम नळी बसवली. ल्युबिशाची सिगारेट कायमची सुटली.

तो घरी आला तेव्हा देसांका मला पुन्हा शिवून दारात उभी होती. सुनेकडे तिने पाहिलेही नाही.

"बांध रे बाळा, वारं सुटलंय."

ल्युबिशाने मला हातात घेतले, खिडकी सताड उघडली आणि ती आपटू नये म्हणून माझी घडी फटीत खोचली.

मित्रांनो, जुन्या वस्तू आपली निगा राखा म्हणून विनवतात. माझी विनवणी उलटी आहे. मला जपू नका. घरातल्या कोणाच्या पोटात असा ठोका पडत असेल, तर मला गुंडाळत बसू नका, त्यांना तपासायला न्या. मला इथेच राहू द्या. इथे वारा छान लागतो.