अठ्ठ्याऐंशी पॉइंट तीन

माझ्या धाकट्या भावाच्या, सोहमच्या मुठीत ते अंगठ्याएवढं काळं यंत्र होतं, सॉकेटमधून उपटलेलं, अजून कोमट. रेडिओ रिकाम्या अठ्ठ्याऐंशी पॉइंट तीनवर वाळू चाळल्यासारखा खरखरत होता. मी आवाज बंद केला आणि मग ती शांतता आली, जिला मी आजवर फक्त दवाखान्यांच्या व्हरांड्यात ओळखत होते.

टोलचा दांडा वर गेला. आम्ही पुढे सरकलो. मागे, जेमतेम बारा फुटांवर, बाबांची पांढरी गाडी होती, आणि तिच्यात आई.

"ऐकलं असेल का गं तिनं?" सोहमने विचारलं.

मी आरशात पाहिलं. मागच्या गाडीच्या काचेवर माघातलं कोरडं आभाळ पसरलं होतं. त्या आभाळामागे दोन चेहरे असणार, एवढंच समजून घेता येत होतं.

आमच्या दोन्ही गाड्या जुन्या. नुसता रेडिओ असलेल्या. म्हणून सोहमने अमरावतीतून हा एफएम ट्रान्समीटर आणला होता. तो सॉकेटमध्ये खोचायचा, फोनला जोडायचा, रेडिओ त्याच्या आकड्यावर आणायचा, की फोनमधलं गाणं गाडीभर पसरतं. ते गाडीच्या पत्र्याबाहेरही थोडं सांडतं, हा शोध मात्र आईचा. एकदा मागच्या गाडीत बसल्या बसल्या तिने रेडिओ त्याच आकड्यावर नेला आणि लहान मुलीसारखी हसली. तेव्हापासून घरच्या दोन गाड्या सोबत निघाल्या की गाणी पुढच्या गाडीत लागत आणि मागच्या गाडीतही वाजत. अंतर वाढलं की गाणं फाटायचं. मग ती बाबांना म्हणायची, "जवळ घ्या ना जी, गाणं तुटून राहिलं." गाणं आवडलं नाही तर बाबांच्या हातावरून हात लांबवून स्वतःच हॉर्न दाबायची. दोनदा. म्हणजे गाणं बदला.

आज आम्ही अकोल्याला मामाच्या मुलीच्या, आचलच्या लग्नाला निघालो होतो. आमच्या मागच्या सीटवर आईने दोन महिने खपून केलेलं रुखवत मांडलेलं होतं: लोकरीचा मळा, खडीसाखरेची विहीर, कापसाचे हंस. म्हणूनच ती बाबांच्या गाडीत बसली. "मले त्या पसाऱ्यात कोंबू नका पोट्टेहो, हंस मोडतीन," असं म्हणत.

तिच्या छातीतल्या गाठीचा तुकडा सोमवारी तपासायला दिला होता. साधी गाठ आहे, असं आम्ही तिला सांगितलं होतं. बाबांनाही. डॉक्टरांची शंका फक्त मला आणि सोहमला ठाऊक होती, आणि काहीही निघालं तरी आचलचं लग्न होईपर्यंत गप्प राहायचं, हे आम्ही जिन्यात उभं राहून ठरवलं होतं.

टोलच्या रांगेत गाड्या एकमेकींना चिकटून उभ्या असताना फोन आला. सोहमने सवयीने यंत्रावरचंच बटण दाबलं. गाणं मधूनच तोडून लॅबमधला त्याचा मित्र योगेश गाडीभर बोलू लागला, "सोहम्या, काकूचा रिपोर्ट आला बे. कॅन्सरच आहे. लगेच नागपूरले घेऊन जा. अन् काकूले आत्ताच काही सांगू नको..." तेव्हा कुठे सोहमला यंत्र उपटायचं सुचलं.

"तू बटण दाबलंसच कशाला?"

"मले का माहीत होतं ताई, तो असा धाडकन बोलन म्हणून?" त्याचा आवाज चिरकला. "झोपली असेल ती. बडनेरा सोडलं की झोपतेच."

कबूल करते, मला त्या क्षणी आजाराची भीती वाटत नव्हती. ती भीती मोठी होती, तिच्याकडे पुष्कळ दिवस होते. ही लहान होती आणि सुरीसारखी पातळ: आईने ते असं ऐकलं असेल, गाण्याच्या मधोमध, परक्या मुलाच्या तोंडून, हात धरायला कोणी नसताना.

"ते धमधम गाणं लाव," मी म्हणाले.

सोहमला कळलं. त्या गाण्याचा तिला मनस्वी तिटकारा होता. दहा सेकंदांत हॉर्न येणारच. त्याने यंत्र पुन्हा खोचलं. गाडी ढोलांनी हादरू लागली, मागचे हंस थरथरू लागले. दोन्ही बाजूंना वेचून झालेली कापसाची पऱ्हाटी उभी होती, काळी, काटकुळी. मी मोजू लागले. दहा. वीस. बाबा अगदी जवळून येत होते. चाळीस. दोनशे. गाणं संपलं.

हॉर्न वाजला नाही.

"झोपली आहे," सोहम म्हणाला. पण झोपलेली आई आणि ऐकलेली आई या दोघींची शांतता सारखीच असणार होती.

मूर्तिजापूरच्या अलीकडे चहासाठी थांबलो. बाबा उतरले ते चिडूनच. "तो टॅग वाचतच नव्हती मशीन! तुमच्या मागे रांगेतच काच खाली करून पाच मिनिटं त्या हातमशीनवाल्या पोऱ्याशी डोकं लावलं. मागून ट्रकवाले बोंबलून राहिले ते वेगळंच."

"बाबा," मी शक्य तितक्या सहज विचारलं, "गाणी नीट ऐकू येत होती ना?"

"कुठली गाणी? मी त्या पोऱ्याशी भांडत होतो तेव्हाच बंद केला तुझ्या आईनं रेडिओ. डोकं दुखते म्हणे." आणि ते चार चहा सांगायला टपरीकडे गेले.

आई आमच्या गाडीपाशी आली. मागचं दार उघडून ती वाकली. एका हंसाची मान लवली होती, ती तिने दोन बोटांनी सरळ केली. बोटं स्थिर होती.

"आई, रेडिओ काहून बंद केला?"

तिने माझ्याकडे पाहिलं. मग टपरीवर पाठमोऱ्या उभ्या बाबांकडे पाहिलं. "त्यांले ऐकू गेलं असतं ना," ती हळू म्हणाली. दार आवाज न करता लोटलं, पदर दोन्ही खांद्यांवरून ओढून घेतला आणि ती त्यांच्याकडे चालू लागली.